रेडिओवर ऐकलेलं गाणं दुसऱ्याला कसं सुचवायचं? पायरीपायरीने

"काल रेडिओवर एक जबरदस्त गाणं लागलं होतं, नक्की ऐक!" असा निरोप जातो, समोरून अंगठा येतो आणि विषय संपतो. गाणं ऐकलं जात नाही. ऐकलं गेलंच तर भलतंच रेकॉर्डिंग ऐकलं जातं आणि वर "ठीक आहे, पण एवढं काय त्यात?" असं उत्तर मिळतं. गाणं वेगळ्या प्रकारचं असेल, म्हणजे गझल ऐकणाऱ्याला रॅप किंवा मेटलवाल्याला (कर्कश गिटारचं जड रॉक ऐकणाऱ्याला) व्हायोलिन, तर हे हमखास होतं.

चूक बहुतेकदा निवडीत नसते, क्रमात असते. गाणं आवडलं की लगेच पाठवलं जातं. ते नेमकं कोणतं आहे, रेडिओबाहेर कसं वाजतं आणि समोरचा गाण्यात काय ऐकतो, हे तिन्ही प्रश्न मागे राहतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. पहिल्या चार गाण्यासाठी आहेत, पुढच्या माणसासाठी.

## १. गाणं वाजत असतानाच टिपून घ्या

एक जागा ठरवून ठेवा: फोनमधली एकच नोंद किंवा खिशातली छोटी वही. कागदाच्या चिठोऱ्या, स्वतःलाच पाठवलेले मेसेज आणि स्क्रीनशॉट असं विखुरलेलं ठेवलं की आठवड्याने "ते सॅक्सोफोनवालं" एवढंच हातात उरतं.

गाणं सुरू असताना या गोष्टी लिहा, याच क्रमाने:

1. घड्याळातली वेळ, मिनिटासकट, आणि स्टेशन. नंतर शोधायला याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
2. शब्दांची एक सलग ओळ. शक्यतो ध्रुवपदातली नको, अंतऱ्यातली घ्या. ध्रुवपदात "प्रेम", "रात्र", "परत ये" असे हजार गाण्यांत असलेले शब्द असतात. अंतऱ्यातली एखादी विचित्र प्रतिमा किंवा गावाचं नाव शोधात लगेच सापडतं.
3. भाषा कळत नसेल तर जे कानावर पडलं ते देवनागरीत जसंच्या तसं. अर्थ लावायला जाऊ नका. मेंदू ओळखीचे शब्द घुसडतो आणि मग शोध चुकीच्या दिशेला जातो.
4. तुम्हाला ज्या क्षणी कान टवकारावेसे वाटले तो क्षण. "ड्रम थांबले आणि नुसता आवाज राहिला", "दुसऱ्या कडव्यात बाईचा आवाज खालून आला" इतकं पुरे.

चौथा मुद्दा जवळपास सगळेच गाळतात, आणि चौथ्या व आठव्या पायरीला नेमका तोच लागतो. नंतर आठवून लिहू म्हणाल तर "भारी होतं" यापलीकडे काही आठवत नाही.

हात मोकळे असतील तर फोनवर वीसेक सेकंद रेकॉर्डही करा. ही क्लिप फक्त ओळख पटवण्यापुरती. ती पुढे कुणाला पाठवू नका: आवाज फाटलेला असतो, आणि त्या व्यक्तीच्या मनात गाण्याचं पहिलं रूप तेच बसतं.

सावधान: गाडी चालवत असाल तर यातलं काहीही करू नका. वेळ आणि स्टेशन लक्षात ठेवा, थांबल्यावर लिहा. मिनिट माहीत असेल तर बाकीचं बहुतेक वेळा मिळतं.

## २. ओळख पटवा, पण एका पुराव्यावर थांबू नका

अ‍ॅप. शाझमसारखं अ‍ॅप गाण्याचा "ठसा" घेतं. आवाजाच्या आलेखातली ठळक शिखरं आणि त्यांच्यातली वेळेची अंतरं जुळवून ते साठ्यातलं नेमकं रेकॉर्डिंग शोधतं. म्हणून गोंगाटातही ते चालतं. आणि म्हणूनच स्टुडिओत कुणी थेट गायलं तर किंवा तुम्ही स्वतः गुणगुणलात तर ते गप्प बसतं, कारण तो ठसा साठ्यात नसतोच. गुणगुणून शोधायचं असेल तर गूगलच्या अ‍ॅपमध्ये वेगळी सोय आहे. ती चालीचा चढउतार पाहते. तिथे शब्द न म्हणता दहा-पंधरा सेकंद सलग "न न ना" केलेलं बरं.

स्टेशनची यादी. बरीच स्टेशनं वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये नुकतीच वाजलेली गाणी दाखवतात. तुम्ही लिहिलेल्या मिनिटाच्या पाच मिनिटं मागची आणि पाच पुढचीही गाणी पाहा. इंटरनेटवरचं प्रसारण एफएमपेक्षा मागे असतं आणि यादीतली वेळ यांपैकी कशाशी जुळते हे स्टेशनगणिक बदलतं.

रेडिओचा पडदा. एफएमच्या आरडीएस व्यवस्थेत स्टेशनच्या नावाला ८ अक्षरांची जागा असते आणि सोबतच्या मजकुराला ६४. त्यात गाणं, गायक, कार्यक्रमाचं नाव आणि जाहिरात सगळं कोंबलेलं असतं, आणि मजकूर बदलायला उशीरही होतो. गाणं संपत आल्यावर वाचा, सुरू होताच नको.

निवेदक. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. काही निवेदक गाण्याआधी नाव सांगतात, काही नंतर, आणि काही तीन गाणी सलग वाजवून शेवटी तिन्ही नावं एका दमात घेतात. ती नावं वाजवलेल्या क्रमाने घेतली की उलट, हे दर वेळी सांगत नाहीत. कानावर पडलेलं नाव "आत्ताच्या" गाण्याला चिकटवून लोक मोकळे होतात आणि भलत्याच गायकाचं गाणं सुचवतात.

तपासणी: वरच्यापैकी दोन मार्गांनी तेच नाव आलं का? एकच पुरावा असेल तर गाणं उघडा आणि तुम्ही टिपलेली अंतऱ्यातली ओळ त्यात आहे का ते ऐका. ध्रुवपद जुळलं एवढ्यावर हो म्हणू नका.

## ३. नेमकं कोणतं रेकॉर्डिंग, ते ठरवा

"गाणं मिळालं" आणि "तुम्ही ऐकलेलं गाणं मिळालं" यांत फरक आहे. एकाच नावाखाली मूळ रेकॉर्डिंग, मैफलीतलं, रिमिक्स, दुसऱ्या कुणी गायलेलं, त्याच गायकाने पंचवीस वर्षांनी पुन्हा गायलेलं आणि कराओके असं सगळं सापडतं. शोधात सगळ्यात वर आलेलं तुमचं असेलच असं नाही.

लेनर्ड कोहेनचं "हालेलुया" घ्या. त्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग १९८४चं: जड, जवळजवळ बोललेला आवाज आणि मागे कोरस. जॉन केलने १९९१ साली ते पियानोवर गायलं. जेफ बकलीचं १९९४चं रेकॉर्डिंग जवळपास सात मिनिटांचं, एका गिटारवर. तिन्हींत कडवीसुद्धा अगदी तीच नाहीत. बकलीचं ऐकून भारावलेल्या माणसाने नुसतं नाव पाठवलं आणि समोरच्याने कोहेनचं ऐकलं, तर दोघं वेगळ्याच गाण्यांबद्दल बोलत बसतील.

दुसरी भानगड रेडिओ एडिटची, म्हणजे रेडिओसाठी कापून छोट्या केलेल्या रूपाची. डोअर्स या अमेरिकन रॉक बँडचं "लाइट माय फायर" १९६७च्या अल्बमवर जवळपास सात मिनिटांचं आहे. सिंगलसाठी त्यातलं ऑर्गन आणि गिटारचं लांब वादन कापून ते तीन मिनिटांच्या आत आणलं होतं. रेडिओवर छोटं ऐकलेल्याला अल्बमवरचं पसरट वाटू शकतं, आणि उलटही होतं. दोन्ही ऐका, आणि कोणतं सुचवायचं ते ठरवून सुचवा.

म्हणून या चार गोष्टी जुळवा:

- लांबी. यादीत एकाच गाण्याची ३:२० आणि ५:४५ अशी दोन रूपं दिसली तर दोन्ही उघडा.
- वर्ष. स्ट्रीमिंगवर दिसणारं वर्ष पुष्कळदा संकलनाचं किंवा रिमास्टरचं (जुन्या रेकॉर्डिंगचा ध्वनी सुधारून पुन्हा काढलेल्या प्रतीचं) असतं. सत्तरच्या दशकातल्या गाण्यासमोर २०११ लिहिलेलं पाहून "नवीन गाणं आहे" असं कुणाला सांगू नका.
- आवाज. गायक तोच आहे का? "ट्रिब्यूट", "इन द स्टाइल ऑफ" असं काही लिहिलेलं असेल तर ती नक्कल आहे.
- शब्द. रेडिओवर शिव्या आणि अडचणीचे शब्द गाळलेले किंवा पुसलेले असतात. पूर्ण आवृत्तीत ते असतात.

शंका उरलीच तर आयएसआरसी पाहा. प्रत्येक रेकॉर्डिंगला दिलेला हा १२ अक्षर-अंकांचा कोड आहे. रिमिक्सला वेगळा, मैफलीतल्या रेकॉर्डिंगला वेगळा. त्यातली सहावी-सातवी जागा वर्षाची असते, पण ते कोड दिल्याचं वर्ष, गायल्याचं नव्हे. जुन्या रेकॉर्डिंगना कोड उशिरा मिळालेले आहेत.

सावधान: घरच्या लहान मुलांच्या, ऑफिसच्या किंवा नातेवाइकांच्या गटात पाठवणार असाल तर पूर्ण आवृत्ती शेवटपर्यंत ऐका. परक्या भाषेतलं असेल तर शब्दांचा अर्थ वाचा. चाल आनंदी आणि शब्द मरणाचे, असली गाणी जगात रग्गड आहेत. साखरपुड्याला ती वाजवायला सुचवलीत तर पंचाईत.

## ४. रेडिओ बाजूला ठेवून ऐका

ही पायरी सगळ्यांना फालतू वाटते. गाणं आवडलंय हे माहीत आहे, मग परत कशाला ऐकायचं? कारण तुम्हाला जे आवडलं त्यात काही वाटा रेडिओचा आहे, आणि तो तुम्हाला पाठवता येणार नाही.

पहिलं, आवाज. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही, पण त्याने फारसं बिघडत नाही. बहुतेक मोठ्या माणसांना तिथलं तसंही जेमतेमच ऐकू येतं. फरक पडतो तो चढउतार दाबल्याने. स्टेशनवरची यंत्रं हळू जागा वर उचलतात आणि मोठ्या जागा खाली दाबतात, म्हणजे गाडीच्या आवाजातही सगळं ऐकू यावं. त्यामुळे कुजबुजल्यासारखं गायलेलं गाणंही रेडिओवर भरदार लागतं. तेच तुमच्या मैत्रिणीने बसमध्ये इअरफोनवर लावलं की पहिली चाळीस सेकंद तिला इंजिनच ऐकू येतं. ऑर्केस्ट्रा, विलंबित ख्याल, अकूस्टिक जॅझ यांना हा फटका सर्वांत जास्त बसतो. मेटल आणि नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला जवळजवळ बसत नाही, ते मुळातच दाबून भरलेलं असतं.

दुसरं, शेजार. दोन ढणढणत्या गाण्यांनंतर एक शांत गाणं लागलं की ते अमृतासारखं वाटतं. एकटं ऐकल्यावर ते नुसतंच शांत असू शकतं.

तिसरं, पुनरावृत्ती. रेडिओवर चालू असलेलं गाणं दिवसातून अनेकदा लागतं. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आल्यानेही ती आवडू लागते; मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली हा परिणाम प्रयोगांनी दाखवला. तुमचं ते आठवं ऐकणं असतं, समोरच्याचं पहिलं.

तेव्हा असं करा. गाणं एक दिवस बाजूला ठेवा. मग शांत जागी एकदा, चालताना एकदा, आणि तिसऱ्यांदा एकदम वेगळ्या प्रकारच्या गाण्यानंतर ऐका.

तपासणी: पहिल्या पायरीत टिपलेला तो क्षण अजूनही कान पकडतो का? हो, तर पुढे चला. नसेल तर ते गाणं स्वतःसाठी ठेवा. सुचवण्यासाठी गाणी कमी पडत नाहीत.

## ५. समोरच्याचा कान ओळखा

"तुला कोणत्या प्रकारची गाणी आवडतात?" हा प्रश्न विचारू नका. "सगळीच" किंवा "जुनी" हे उत्तर तयारच असतं आणि त्याचा काही उपयोग नाही. प्रकार म्हणजे दुकानातल्या फळीवरची पाटी. माणूस आत काय ऐकतो हे ती सांगत नाही. त्याऐवजी हे विचारा:

- अलीकडे कोणतं गाणं संपल्यावर लगेच पुन्हा लावलंस?
- त्यातली कोणती जागा यायची तू वाट बघतोस?
- कशामुळे गाणं पुढे ढकलतोस?

उत्तरांवरून माणूस मुख्यतः काय ऐकतो ते कळतं. "ती ओळ बघ ना" म्हणणारा शब्द ऐकतो. टेबलावर बोटं वाजवत उत्तर देणारा ठेका ऐकतो. "आवाज कसला लागलाय" म्हणणाऱ्याला गळा हवा असतो. चाल गुणगुणून दाखवणाऱ्याला चाल. आणि काही जण नुसत्या ध्वनीवर जातात: बेसची खोली, गिटारची खरखर, खोलीतला घुमारा. हे लोक शब्द कळत नसलेली गाणी आनंदाने ऐकतात, त्यांना सुचवणं सर्वांत सोपं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा. "सुरुवात लांबली की मी कंटाळते" हे कळलं तर निम्मी गाणी आपोआप बाद होतात. आवडीपेक्षा नावड जास्त भरवशाची असते, असं माझं मत आहे.

## ६. एक दुवा धरा, एकच गोष्ट नवी ठेवा

सगळ्या लेखातली मोक्याची पायरी हीच. प्रकार बदलताना माणसाच्या ओळखीची एक ठळक गोष्ट गाण्यात असलीच पाहिजे, आणि मोठी नवी गोष्ट शक्यतो एकच असावी. भाषा नवी, ठेका नवा, वाद्यं नवी आणि वर नऊ मिनिटांची लांबी, असं सगळं एकदम आलं की कान मिटतो.

दुवा कसा शोधायचा, हे प्रत्यक्ष उदाहरणांतून पाहू.

शब्द ऐकणारा: गझल ते रॅप. वरवर पाहता टोकं आहेत. पण गझलेचा रसिक शेरात काफिया, म्हणजे यमक, कधी आणि कसा येतो याची वाट बघत असतो. पहिली ओळ अडकवते, दुसरी सोडवते. चांगला रॅपर यमकाशी हाच खेळ खेळतो, कधी एका ओळीत तीन-चार यमकं आतल्या आत जुळवून. म्हणून इथे मधुर ध्रुवपदाचं रॅप निवडू नका; उलट साधा ठेका, कमी वाद्यं आणि स्पष्ट उच्चार असलेलं निवडा. आणि त्याला कळणाऱ्या भाषेतलंच. शब्दांवर जाणाऱ्याला अनोळखी भाषा दिलीत तर दुवाच तुटला.

गळा ऐकणारा: कव्वाली ते गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगायन. मुख्य गायक वर चढत जातो, मागचे ओळ उचलून धरतात, टाळ्या पडतात, एकच ओळ पुन्हा पुन्हा येत लय वाढत जाते. दोन्हीकडे हेच. धर्म, भाषा, वाद्यं सगळं वेगळं असूनही हा दुवा इतका जाड आहे की तो सहसा तुटत नाही. मात्र गॉस्पेलमधली संथ स्तोत्रं सुरुवातीला टाळा. मैफलीतलं, समोर श्रोते असलेलं रेकॉर्डिंग द्या.

हळू आवाजाचा चाहता: ब्राझीलचं बोसा नोव्हा. ज्यांना ओरडून गाणं नको असतं, त्यांना तिथला गायक जोआओ जिल्बर्तो कानाशी बोलल्यासारखा वाटतो. पोर्तुगीज कळत नसलं तरी चालतं, कारण इथे दुवा गळ्याचा आहे.

चपळाई ऐकणारा: मेटल ते बरोक (बाखच्या काळातलं युरोपीय शास्त्रीय संगीत). वेगवान सप्तकं, एकावर एक चढणाऱ्या सुरावटी, अंगावर येणारा ताण. स्वीडनचा गिटारवादक यिंग्वे माल्मस्टीन पागानिनी आणि बाख या जुन्या युरोपीय संगीतकारांचं ऋण उघड मान्य करतो. मेटलवाल्याला व्हायोलिनची जलद, एकट्या वाद्याची चीज द्या. संथ भागापासून सुरू होणारी पूर्ण सिम्फनी देऊ नका.

ध्वनी ऐकणारा: टेक्नो हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत ते अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश. छोटा तुकडा सतत वाजत राहतो आणि हळूहळू बदलतो, याची ज्याला सवय आहे त्याला मिनिमल संगीत परकं वाटत नाही. इथे लांबीचीही भीती नाही.

ठेका ऐकणारा. इथे मोजणी करावी लागते. पंधरा सेकंद बोटाने ठेका धरा, आकडा चारने गुणा; मिनिटाचे ठोके मिळाले. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातलं हाऊस साधारण १२० ते १३० मध्ये असतं, ड्रम अँड बेस १७०च्या आसपास. पण १७०च्या गाण्यावर मान बहुतेक जण ८५लाच डोलवतात, आणि ८५ हा हिप-हॉपचा नेहमीचा वेग. म्हणजे आकडा दुप्पट असूनही ही दोन गाणी अंगाला एकाच चालीची लागू शकतात. ठोके दोन्ही पद्धतींनी मोजा, नाहीतर चांगला दुवा हातचा जाईल.

नुसता वेग जुळून भागत नाही, ठेक्याची ठेवण पाहा. जमैकाच्या रेगेत गिटारचे तुटक फटके मात्रांच्या मधल्या जागी पडतात आणि "वन ड्रॉप" ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून भार तिसरीवर टाकतात. सरळ चार ठोक्यांवर नाचणाऱ्याला तिथे पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही. जॅझच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन अर्धे भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. झुलत्या ठेक्याची सवय असलेल्याला हे सोपं जातं, इतरांना अडखळल्यासारखं होतं.

ब्लूज मात्र जवळजवळ कुणालाही देता येतं. बारा आवर्तनांची चौकट, एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, तिसरी तिला उत्तर देते. दुसऱ्या कडव्यापर्यंत चौकट अंगवळणी पडते, समजावून सांगावं लागत नाही.

तपासणी: "तुला अमुक गाण्यातली ___ आवडते, इथेही ती आहे, फक्त ___ वेगळं आहे." दोन्ही रिकाम्या जागा एकेका शब्दाने भरता आल्या पाहिजेत. दुसऱ्या जागी तीन गोष्टी लिहाव्या लागल्या तर दुसरं गाणं शोधा.

## ७. तीनपेक्षा जास्त पाठवू नका, आणि क्रम लावा

चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट म्हणजे गृहपाठ. लोक पहिलं गाणं अर्धं ऐकतात, मग "वीकेंडला ऐकतो" म्हणतात. तीन गाणी पुरतात:

1. सर्वांत जवळचं. जवळजवळ त्याच्याच प्रकारातलं, नव्याचा फक्त वास असलेलं.
2. मधलं. दुवा स्पष्ट, प्रकार वेगळा.
3. तुम्हाला मुळात जे द्यायचं होतं ते.

तुमचं लाडकं गाणं पहिलं ठेवायचा मोह होतो. आवरा. लांब गाणं आणि अनोळखी भाषेतलं गाणं दोन्ही शेवटी. तीनही वेगवेगळ्या प्रकारांतली निवडू नका: जॅझ, मेटल आणि फ्लेमेंको असं ताट वाढलं की माणूस एकेक चाखतो आणि उठतो.

एकाच वेळी पाच-सहा जणांच्या गटाला सुचवायचं असेल तर सगळ्यांना खूश करायच्या फंदात पडू नका. एकाचा कान डोळ्यासमोर ठेवा, तसं सांगा. बाकीचे उत्सुकतेने ऐकतात.

## ८. निरोप लिहा

निरोपात एवढंच हवं: गाणं, गायक किंवा वादक, कोणतं रेकॉर्डिंग, लांबी, दुवा, आणि कान कुठे द्यायचा ती जागा. लिंकसोबत नाव लिहाच. लिंक बंद पडते, किंवा दुसऱ्या देशात उघडतच नाही. नाव असलं की माणूस स्वतः शोधतो. गाण्याचा व्हिडिओ पाठवणार असाल तर आधी बघा: काहींत गाण्यापूर्वी मिनिटभर संवाद असतात आणि ऐकणारा तिथेच बाहेर पडतो.

असा निरोप नको:

> "हे ऐकच!!! अप्रतिम, अंगावर काटा येतो. रेडिओवर ऐकलं. तुला आवडणारच."

यात गाण्याबद्दल काही नाही, आणि "आवडणारच" म्हणून वर दडपण आहे. असा लिहा:

> "मावशी, तुला त्या कव्वालीत मागचे सगळे ओळ उचलतात ते आवडतं ना? यात तसंच आहे, फक्त इंग्रजीत आणि पियानोवर. मैफलीतलं रेकॉर्डिंग आहे, पाच मिनिटांचं. स्टुडिओतलं लावू नकोस, त्यात टाळ्या नाहीत. साधारण दोन मिनिटांनी गायिका थांबते आणि लोकच गातात, तिथपर्यंत ऐक. इअरफोन लाव. नाही रुचलं तर सोडून दे."

मावशीला काय ऐकायचं ते कळलं, कोणतं लावायचं ते कळलं, आणि सोडायची मुभाही मिळाली. "तिथपर्यंत ऐक" हे वाक्य विशेष उपयोगी. पूर्ण गाणं ऐकायला सांगण्यापेक्षा दोन मिनिटं मागणं सोपं, आणि दोन मिनिटं ऐकलेला माणूस बहुतेकदा पुढेही ऐकतो.

गायकाचं चरित्र, पुरस्कार, किती लोकांनी ऐकलं हे आकडे गाळा. चौथ्या पायरीत गाणं हळू आवाजाचं निघालं असेल तर "शांत जागी ऐक" हे मात्र विसरू नका.

सावधान: खास क्षणाचं वर्णन जपून करा. "तिथे लोक गातात" इतकं ठीक. "आणि मग तू रडशील" असं लिहिलंत तर तो माणूस स्वतःकडे लक्ष ठेवत ऐकतो.

## ९. नंतर काय विचारायचं

दुसऱ्याच दिवशी "ऐकलंस का?" नको. आठवडा जाऊ द्या. मग "आवडलं का?" असंही विचारू नका, कारण भिडेखातर "हो, छान आहे" हेच उत्तर येतं. "कुठपर्यंत ऐकलंस?" असं विचारा. चाळीसाव्या सेकंदाला सोडलं असेल तर सुरुवात नडली. त्याच गायकाचं थेट सुरू होणारं गाणं द्या. शेवटपर्यंत ऐकून "ठीक" म्हटलं तर दुवा चुकला, म्हणजे तुम्ही गळा धरलात आणि त्याला चाल हवी होती. पुन्हा लावलं असेल तर कोणती जागा परत ऐकली ते विचारा. ती तुम्ही सांगितलेल्या जागेपेक्षा वेगळी असेल तर तुमचा अंदाज सोडा आणि त्याची जागा लिहून घ्या.

नकार आला तर वाद घालू नका, तेच गाणं दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये लगेच पाठवूही नका. पहिल्या पायरीतल्या त्याच नोंदीत माणसाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: काय दिलं, कुठे थांबला, काय म्हणाला. पुढचं गाणं रेडिओवर लागेल तेव्हा ते कुणाला द्यायचं हे या नोंदीवरून ठरतं.